कागदावरची पोट्टी

बोरगावच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होतो. तिथे गेटवर दोन रांगा लागायच्या, एक माणसांची आणि एक बायांची. शिफ्ट सुटली की प्रत्येकाची झडती व्हायची. तांब्याची तार डब्यात, मोज्यात, कशातही घालून बाहेर जाते हे मालकांना माहीत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

मला कामावर घेतलं ते ठेकेदाराने, काम पाहून. एक बंद पडलेलं पॅनल त्याच्यासमोर उघडून चालू करून दाखवलं, तेवढ्यावर तो "उद्यापासून ये गा" म्हणाला. त्याला समोर दाढीचे खुंट वाढलेला एक पोट्टा दिसत होता आणि तेच खरं होतं. पण गेटपास माणसाकडे बघून निघत नाही, आधार कार्डाकडे बघून निघतो. पास हातात आला तेव्हा त्यावर फोटो माझा होता, नाव पोट्टीचं होतं आणि नावाखाली छापलं होतं, महिला.

पहिल्या संध्याकाळी मी माणसांच्या रांगेत उभा राहिलो. गार्डने पास पाहिला, मला पाहिलं, पास उलटा करून पाहिला.

"बहिणीचा पास घेऊन आला का बे?"

"नाही. माझाच आहे."

"मंग हे महिला काऊन लिहिलं हाय?"

मागे माणसं खोळंबली होती. सगळ्यांना घरी जायचं होतं. मी हळू आवाजात सांगायचा प्रयत्न केला. पण अशी गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही, कारण ऐकणारा ती जन्मात पहिल्यांदा ऐकत असतो आणि "काय?" असं ओरडून विचारतो. गार्डने तेच केलं. मागची माणसं पुढे झुकली. मग त्याने मला बायांच्या रांगेकडे पाठवलं. तिथल्या गार्डबाईने मला पाहताच दोन्ही हात मागे घेतले.

"मी नाही हात लावत याले. माह्या घरी समजलं तर काय म्हनतीन?"

तिचं तरी काय चुकलं? शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. मला पाण्याच्या टाकीजवळ बाजूला उभं करायचं, सगळे गेले की "जाय" म्हणायचं. रोज असंच. माझी नेहमीची बस रोज चुकायची, मी पुढच्या गाडीने सौंसरला यायचो आणि तिथून घरी. झडती माझी कधी झालीच नाही.

आणि तेच माझ्या गळ्याशी आलं. पावसाळा संपता संपता स्टोअरमधून केबलचं एक बंडल गेलं. सुपरवायझरने कोणाला उभं-आडवं घेतलं नाही. त्याने गार्डला फक्त एवढंच विचारलं, की झडती न होता बाहेर कोण जातं. दुपारी ठेकेदाराने मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण सगळं बोलणं त्याने माझ्या बुटांकडे बघून केलं.

"तू चोरी केली असं मी म्हणून नाही राहिलो. पण तुह्यापायी गेटवर रोजची कटकट हाय. तुहे कागद ठीक करून घे, मंग ये. काम हायच तुह्यासाठी."

कागद ठीक करून घे. मला वाटलं, ठीक आहे, महिना-दोन महिन्यांची गोष्ट. मी पिशवी उचलली आणि निघालो. आज त्या माझ्या भोळेपणाचा मला फार राग येतो.

आमचं गाव रामाकोन्याकडच्या बाजूला आहे. बाबांची बेताची शेती, थोडी संत्र्याची बाग, उरलेल्या रानात कापूस. घरात चौघं : बाबा, आई, मी आणि माझ्याहून बरीच लहान बहीण. या लिखाणात कोणाचंच नाव येणार नाही. जुनं नाव मला लिहायचं नाही, आणि नवं नाव मी इतक्या खिडक्यांवर, इतक्या लोकांसमोर लिहून दिलंय की निदान इथे तरी ती सक्ती नको.

लहानपणी मी "मी जातो", "मी खातो" असं बोलायचो. घरी हसायचे. शाळेत हिंदीचे गुरुजी वहीत लाल शाईने खोडून "जाती हूँ" करायचे. त्यांना ती व्याकरणाची चूक वाटायची. मी ती चूक वर्षभर करत राहिलो, मग मार खाऊन बोलणंच कमी केलं. आयटीआयसाठी नागपूरला गेलो तेव्हा खोली घेऊन राहिलो. तिथे एक डॉक्टरीण भेटल्या, त्यांनी नीट ऐकून घेतलं, उपचार सुरू झाले. आवाज फुटला, दाढी आली. त्या वर्षी दिवाळीला मी घरी आलो तो बदललेला आलो.

बहीण तेव्हा शाळेत शिकत होती. दारात माझा आवाज ऐकून ती "ताई?" म्हणाली आणि थांबली. त्यानंतर पूर्ण दिवस माझ्याभोवती घुटमळली. दुसऱ्या सकाळी चहाचा कप पुढे करून म्हणाली, "दादा, साखर कमी हाय." बस. एवढ्यावर झालं. तिने पुरावा मागितला नाही.

आईला वेळ लागला. आमच्याकडे बाईमाणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी "वं" लागतं आणि माणसाशी बोलताना "गा". आईच्या तोंडून "काय करून राहिली वं" निघायचं, मग ती जीभ चावायची आणि "राहिला... राहिला गा" असं दुरुस्त करायची. कधी एकाच वाक्यात मी पोरगी म्हणून सुरू व्हायचो आणि पोरगा म्हणून संपायचो. मी चिडायचो. ती म्हणायची, "अरे, एवढी वर्सं जिभेले वळण पडलं हाय, एका दिवसात कसं सुटन?"

बाबा मात्र अवघड होते. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलायची एक वेगळीच रीत काढली. मराठीत माणसाशी बोलताना तो बाई आहे की पुरुष हे न सांगता बोलणं फार कठीण आहे, पण बाबांनी ते जमवलं. "जेवण झालं का?" "बागेले पानी सोडाचं हाय." "उद्या बजार हाय." आलास म्हणायचे नाहीत, आलीस म्हणायचे नाहीत. नाव तर घेतच नव्हते, जुनंही नाही आणि नवंही नाही. कित्येक वर्षं ते माझ्याशी असंच बोलले. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

तर अशा घरातून मी कागद ठीक करायला निघालो.

सुरुवात शपथपत्रापासून. सौंसरला कचेरीबाहेर एका वकिलाकडे गेलो. त्याचा टायपिस्ट हिंदीत टाइप करत होता, कारण घरी आम्ही मराठी बोललो तरी राज्य भोपाळचं, सरकारी कागद हिंदीतच निघतो. मी सगळं सांगितलं. वकिलाने मान हलवली आणि टायपिस्टने पहिलीच ओळ टाइप केली, की मी अमुक अमुक, शपथपूर्वक कथन "करती हूँ".

"करता हूँ करा," मी म्हणालो.

टायपिस्टने वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, "अरे बाबा, आत्ता तुह्या आधारवर महिला हाय. मंग तू करतीच हाय ना? कागद बदलला का मंग करता."

"पण वकीलसाहेब, मी पुरुष आहे हे सांगण्यासाठीच तर हा कागद आहे. त्यातच मी करती हूँ म्हणू?"

"पुरुष हाय हे तू म्हणून राहिला."

"शपथपत्र म्हणजे मी म्हणतो तेच ना?"

त्याला ते पटलं की तो कंटाळला, माहीत नाही. शेवटी टायपिस्टने "करता/करती हूँ" असं टाइप केलं आणि दोघंही स्वतःवर खूश झाले. तो तिरपा दांडा मी आजही विसरलो नाही. जन्मभर माझ्या आणि माझ्या बोलण्याच्या मध्ये जो दांडा होता, तो तिथे शाईने उमटला आणि त्यावर नोटरीचा शिक्का बसला.

मग पेपरात जाहिरात. नाव बदललं असं छापून आणावं लागतं, ते कात्रण पुढे लावावं लागतं. जाहिरात आली. बहीण पेपर घेऊन धावत आली, "दादा, तुहं नाव!" मी वाचलं. माझ्या नव्या नावातल्या एका अक्षराची मात्रा उडाली होती. ज्या नावासाठी मी सगळं करत होतो ते नाव छापून आलं आणि तेही दुसऱ्याच कोणाचं. ज्या एजंटकडून जाहिरात दिली होती त्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, समजते ना कोनाले बी." मी त्याला म्हणालो, "खिडकीवरच्या माणसाला समजत नाही." जाहिरात पुन्हा द्यावी लागली. पुन्हा वाट. मग भोपाळहून राजपत्र. त्याचीही वाट.

त्यानंतर खरा मोठा कागद, म्हणजे कागदावरचं लिंग बदलण्यासाठी जिल्ह्यातून मिळणारं ओळखपत्र. त्याचा अर्ज ऑनलाइन भरतात. सौंसरला बसस्टँडजवळ एका ऑनलाइनवाल्याच्या दुकानात मी बसलो. तो पहिल्यांदाच असा अर्ज भरत होता. त्याने सगळं वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"याले मेडिकल लागन."

"नाही लागत. खाली लिहिलंय, स्वतःचं शपथपत्र पुरतं."

"असं कसं? तू सोता म्हणशीन आन सरकार मानन? उद्या मी म्हणीन मी तहसीलदार हाय."

दुकानातले दोघं-तिघं हसले. मलाही कधी कधी अशा गोष्टीवर हसून सोडता यायचं, त्या दिवशी आलं नाही. मी म्हणालो, "तहसीलदार व्हायला तुला परीक्षा द्यावी लागेल. मला काय परीक्षा द्यायची? तू पुरुष आहेस हे तू कोणत्या परीक्षेत सिद्ध केलंस?" त्याने अर्ज भरला, पण कीबोर्डवर बोटं इतक्या जोरात आपटत भरला की प्रत्येक अक्षर मला ऐकू आलं.

अर्ज परत आला. परत येण्याचं कारण माझं नाव नव्हतं, लिंगही नव्हतं. कारण होतं जिल्हा. मी जन्मलो, शिकलो, आधार काढलं तेव्हा आमचा जिल्हा छिंदवाडा होता. मधल्या काळात पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमचा सौंसर तालुका त्यात गेला. अर्जात पांढुर्णा, जोडलेल्या कागदांवर छिंदवाडा. पत्ता जुळत नाही. घर तिथेच होतं, बाग तिथेच होती, गावाबाहेरची विहीरसुद्धा जागची हलली नव्हती. जिल्हा उठून दुसरीकडे गेला, आणि त्याचा खुलासा मी करायचा होता. मला त्या दिवशी जिल्ह्याचा हेवा वाटला. त्याचं नाव बदललं तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही की हेच नाव का, घरच्यांना मान्य आहे का, डॉक्टरला दाखवलं का.

आधी आधारवरचा पत्ता दुरुस्त करा, मग अर्ज करा. आधारच्या केंद्रावर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, नावही बदलायचंच आहे ना, मग ओळखपत्र आणा, सगळं एकदम करू. ओळखपत्रासाठी पत्ता, पत्त्यासाठी पुन्हा ओळखपत्राची गोष्ट. मी त्याला हात जोडले आणि म्हणालो, "भाऊ, आत्ता फक्त जिल्हा बदल. माझं पुढचं मी पाहतो." पत्ता बदलल्याची पावती जुन्या नावाने निघाली. "घ्या मॅडम," तो सवयीने म्हणाला, मग मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शरमला. त्याच्या शरमेनेही मला काही बरं वाटलं नाही. मी फार थकलो होतो.

त्या दिवसांत मी घरीच मोटरी दुरुस्त करू लागलो. विहिरीवरच्या मोटरी जळतात, त्या उघडायच्या, वाइंडिंग करायचं. आसपासच्या गावांतून लोक आणून टाकायचे. मोटर जळलेल्या माणसाला पिकाची घाई असते, तो नाव विचारत नाही. तेवढा एक आराम होता.

पुन्हा अर्ज केल्यावर ओळखपत्र पांढुर्ण्यातून मिळालं. खिडकीवरच्या बाईने माझी सही घेतली आणि कागद पुढे सरकवला. मी तिथेच उभा राहून वाचला. नाव नवं होतं, मात्रेसकट बरोबर. फोटो माझा. आणि लिंगाच्या जागी ट्रान्सजेंडर.

"मॅडम, मी पुरुष लिहिलं होतं."

"पहिले हेच निघते," ती म्हणाली. "पुरुष पायजे असन तर दवाखान्याचे कागद लावून परत अर्ज करा लागते." तिने मला नीट समजावून सांगितलं, आवाज न चढवता. नियमच तसा होता. भांडायला समोर कोणीच नव्हतं आणि ते फार वाईट असतं. बाहेर येऊन मी बसस्टँडवर बसलो. हातात जिंकल्यासारखं काहीतरी होतं, ते घडी करून पिशवीत घातलं. तो शब्द वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. कित्येक जणांना तोच शब्द हवा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. मला दुसरा हवा होता, एवढंच. तू स्वतःला काय म्हणतोस, असं सरकारने विचारलं, मी सांगितलं, आणि मग कागदावर तिसरंच आलं.

बाबांचा फोन आला. "झालं का काम?"

"अर्धं झालं," मी म्हणालो.

"बरं. सहाची गाडी हाय," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

आधारवर नाव बदललं, लिंगाच्या जागी ओळखपत्रावरचाच शब्द आला. त्या कागदावर मी कारखान्यात परत गेलो. जुना ठेकेदार सोडून गेला होता. नव्या ठेकेदाराने माझं कार्ड पाहिलं, लिंगाच्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, जागा निघाली की कळवू. त्याने कळवलं नाही. मी वाटही पाहिली नाही. वीज खात्यात जागा निघणार होत्या, माझं सगळं लक्ष तिकडे होतं. पण तिथे दहावीची मार्कशीट लागते, आणि मार्कशीटवर अजून ती पोट्टीच पास झालेली होती.

मार्कशीट बदलायची तर सुरुवात शाळेपासून. ज्या शाळेत शिकलो तिथल्या दाखल-खारिज रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा आणि मुख्याध्यापकांचं पत्र पाहिजे, मग वर बोर्डाकडे पाठवायचं. मी शाळेत दोनदा गेलो. मुख्याध्यापक नवे होते. एकदा म्हणाले रजिस्टर कपाटात आहे, चावी दुसऱ्याकडे आहे. पुढच्या खेपेला रजिस्टर होतं, पण म्हणाले, "प्रवेश वडिलांच्या सहीने झाला आहे. वडिलांना आणा."

मी सज्ञान माणूस, स्वतःची मिशी विंचरणारा, आणि मला वडिलांना आणायला सांगितलं. मी घरी येऊन पान्हा भिंतीवर फेकला. आई धावत आली. मी जे काही मनात होतं ते सगळं बोललो, कोणाला ऐकू जातंय याची पर्वा न करता. बाबा ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ."

सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला टोपी घातली. शाळेपर्यंत आम्ही मोटरसायकलवर गेलो. मुख्याध्यापकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि आपल्याला साथीदार मिळाला अशा थाटात सुरुवात केली.

"काका, तुमीच समजवा. हे पाहा, रजिस्टरमधी तुमची सही हाय. तुमीच मुलगी म्हणून नाव घातलं. आता मी कसं बदलू?"

बाबांनी रजिस्टर जवळ ओढलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आपली जुनी सही पाहिली. मला वाटलं ते पुन्हा तसंच काहीतरी अधांतरी बोलतील.

"हव. सही माहीच हाय," बाबा म्हणाले. "तवा मले जे दिसलं ते मी लिहून देलं. आता जे दिसून राहिलं ते लिहून देतो. माहा पोट्टा हाय तो. लिहा."

माहा. पोट्टा. तो. इतक्या वर्षांनी एकाच दमात तीन वेळा. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर पोरं कवायत करत होती, त्यांच्याकडे पाहत राहिलो.

मुख्याध्यापकांनी बाबांकडून अर्ज लिहून घेतला, माझ्याकडून लिहून घेतला, ओळखपत्राची झेरॉक्स घेतली. आणि म्हणाले, "मी वर पाठवतो. वरून आदेश आला का मंग बदलू. माह्या हातात नाही."

म्हणजे बाबांच्या तोंडून ते निघूनही काम झालं नाहीच. बाहेर आल्यावर मी मोटरसायकलला किक मारली ती रागाने. दोनदा सुरू झाली नाही. बाबा बाजूला उभे होते.

"भूक लागली का गा तुले?" त्यांनी विचारलं.

त्या "गा"वर मी किक मारायचा थांबलो. मान हलवली. आम्ही चौकातल्या हॉटेलात आलुबोंडा खाल्ला आणि बाबांनी मालकाला, जो त्यांच्या ओळखीचा होता, माझं नवं नाव घेऊन सांगितलं की हा माझा मोठा. मालकाने मला लहानपणी पाहिलेलं होतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या टोपीकडे पाहिलं, आणि चटणी वाढली.

वीज खात्याचा अर्ज भरायची शेवटची तारीख आली आणि गेली. मार्कशीट आली नाही. त्या दिवशी मी एक मोटर उघडून बसलो होतो आणि दिवसभर तिचं वाइंडिंग चुकत राहिलं. लोक मला म्हणतात, आता तर तुझं नाव झालं ना, आता काय? त्यांना कसं सांगू की माझ्याजवळ नवं नाव आहे आणि जुन्या नावाचं शिक्षण आहे, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत हे प्रत्येक ठिकाणी मला नव्याने सिद्ध करावं लागतं. मी माझाच नातेवाईक असल्यासारखा माझी सर्टिफिकिटं घेऊन फिरतो.

त्याच उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं. मुलगा सौंसरचा, खाजगी नोकरीतला, शांत. पत्रिकेत भाऊ म्हणून माझं नाव होतं. काही पाहुणे त्यावरून कुजबुजले, काही आले नाहीत. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. चुलतभावाने पिळावा, असं मोठ्या काकूचं म्हणणं पडलं. बाबा म्हणाले, "भाऊ असल्यावर चुलत कायले?" मी गेलो आणि पिळला. नवरदेव "आई गं" म्हणून ओरडला, मंडप हसला.

लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले. आमच्याकडे नवरा अंगठीने त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून तिला सासरी त्याच नावाने हाक मारतात. मुलाच्या आईने नाव ठरवून आणलं होतं. चांगलं होतं नाव. बहीण सासूबाईंना म्हणाली, "आई, मले माहं नाव राहू द्या."

सासूबाई गोंधळल्या. एक मावशी म्हणाली, "नाव नाही बदललं तर सासरची कशी होशीन वं?"

"दादाले विचारा, नाव बदलाले काय काय लागते ते," बहीण म्हणाली. "मी वकिलाकडं जात नाही, पेपरात देत नाही. मले नाही जमत बाप्पा."

काहीजण हसले. सासूबाई नाही हसल्या. क्षणभर मला वाटलं आता भांडण होतं, माझ्यामुळे. पण नवरदेवाने अंगठी घेतली आणि तांदळात तिचं आहे तेच नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सासूबाईंनी ठरवून आणलेलं नाव मनातच ठेवलं. अजूनही म्हणे त्या कधी कधी त्याच नावाने हाक मारतात आणि बहीण ओ देत नाही.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी भाडेवाल्याची भांडी मोजून परत द्यायला बसलो होतो. आई मध्येच म्हणाली, "माहंही नाव दुसरं होतं."

मला हे माहीत होतं, पण माहीत असल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मी विचारलं, काय होतं. तिने सांगितलं. छोटंसं नाव होतं, तिच्या चेहऱ्याला शोभणारं.

"तुह्या बाबानं तांदळात लिहिलं आन झालं. मले कोनी पुसलं नाही. लिहून झाल्यावर मी वाचलं, तवा समजलं मले माहं नाव."

"राग नाही आला?"

"आला ना," ती पातेली उपडी ठेवत म्हणाली. "माहेरी गेली का माय त्या जुन्या नावानं हाक मारे, तवा बरं वाटे. माय गेली. आता कोनी मारत नाही. कागदावर तर ते कधी आलंच नाही, तवा बायांचे कागद कुठं होते?"

मी तिला त्या नावाने हाक मारली. सहज, गंमत म्हणून. तिने चटकन वर पाहिलं, कोणी दारातून बोलावल्यावर पाहावं तसं, आणि मग "चल, काम कर गा" म्हणून मला पळी फेकून मारली.

भांडी परत करून मी पांढुर्ण्याची गाडी पकडली. मार्कशीटसाठी वरून आणखी एक कागद मागितला होता, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं लिहिलेला. तो मी आधीही दिला होता. पुन्हा दिला. परतीच्या गाडीत मला जागा मिळाली नाही, उन्हाने डोकं तापलं होतं आणि शेजारचा माणूस आपल्या पोराच्या दाखल्याची तक्रार कोणाला तरी फोनवर सांगत होता. मार्कशीट अजून आलेली नाही.